तिसऱ्या रांगेतली बाई

हे लिहायचा मला अधिकार आहे की नाही, माहीत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. परीक्षेच्या पेपराबाहेर मी आजवर काही लिहिलेलं नाही, आणि पेपरातही पुरवणी क्वचितच मागितली आहे. शेषरावकाकांना माझ्यापेक्षा जास्त ओळखणारी जाणती माणसं अकोटात पुष्कळ आहेत. पण त्यांतलं कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. कुठे चुकलं तर माफ करावं.

शेषरावकाकांना नमस्कार केला तर ते लगेच नमस्कार करत नाहीत. आधी नाव विचारतात. नुसतं नाव सांगून भागत नाही. वडिलांचं नाव, गाव, घरासमोर काय आहे, मागे काय आहे, सगळं सांगावं लागतं. मग ते डोळे मिटून मनात काहीतरी जुळवतात आणि म्हणतात, "हां. आता नमस्कार."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा या सगळ्याला दहा मिनिटं लागली. शेवटी ते म्हणाले, "तुह्या घरामागं कडुलिंब हाय, त्याले लागून हापसी हाय. बरोबर?"

"हापसी आता बंद आहे, काका."

"बंद असू दे. पत्त्यात चालू हाय. जयभीम. बस."

काकांनी सारी नोकरी पोस्टमन म्हणून केली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण खाकी झोळी अजून खांद्यावर असते. अकोटचं इतिहास मंडळ तेच चालवतात. मंडळ म्हणजे सायकलच्या दुकानावरची एक खोली. कागदावर अकरा सभासद आहेत. सभेला काका असतात, आणि चहा येणार असेल तर खालचा सायकलवाला.

त्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूला काकांच्या हाताची चिठ्ठी बांधलेली आहे. जात्यावर लिहिलंय: "जातं. मालकीण सखूबाई, मारुतीच्या पाराजवळ. हल्ली मुक्काम इतिहास मंडळ, सायकल दुकानाच्या वर." कंदिलाला दोन पत्ते आहेत, कारण मालकानं मध्येच घर बदललं होतं. कुठल्या शतकातली, कोणत्या धातूची, याचा चिठ्ठीत पत्ता नाही. पण वस्तू कुणाची हे ठाऊक नसेल तर ती काका घेतच नाहीत. एक जण माझ्यासमोर जुनी तलवार घेऊन आला होता.

"कोणाची?" काका.

"राजाची असंल."

"राजाचं नाव?"

"ते काही मालूम नाही."

"मंग घरी ने बाप्पा. कांदे कापायले होईल."

आता मी तिथे का गेले ते सांगते. अमरावतीच्या एका लहानशा संग्रहालयानं ठरवलं की अकोट, अकोला आणि अचलपूर इथल्या इतिहास मंडळांना बरोबर घेऊन वऱ्हाडातल्या कापसावर प्रदर्शन करायचं. कुणाकडे काय आहे त्याची एकच सामाईक सूची करायची. चारही गावं "अ"वरून सुरू होतात, त्यामुळे कुणालाच मागे बसायची सवय नाही. पहिली सभा निमंत्रणपत्रिकेवर कुणाचं नाव वर घ्यायचं यातच संपली. अकोल्याचं म्हणणं, जिल्हा आमचा. अचलपूरचं म्हणणं, तुमचा जिल्हा नव्हता तेव्हा आमची राजधानी होती. मी अमरावतीला बी.ए.ला इतिहास घेतला आहे. घर अकोटजवळ आहे म्हणून कॉलेजच्या सरांनी मला अकोटची यादी संगणकावर चढवायचं काम दिलं.

अकोटच्या यादीत एकच वस्तू अशी होती जी संग्रहालयाला हवीच होती. एक मोठा फोटो. सुमारे पन्नास वर्षांपूर्वीचा, आता बंद पडलेल्या एका जिनाच्या फाटकासमोर काढलेला. कापसातून सरकी वेगळी करायच्या त्या कारखान्यात काम करणाऱ्या एकतीस बाया, तीन रांगांत. कुणाच्या डोक्याला कापसाचे पुंजके चिकटलेले, कुणी हसू दाबलेलं. असा फोटो दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

काका चार वर्षं त्या बायांची नावं शोधत होते. फोटोची प्रत प्लास्टिकमध्ये घालून बाजाराच्या दिवशी निघायचे. एकदा मी बरोबर होते. भाजी घेऊन बसलेल्या एका म्हातारीपुढे त्यांनी फोटो धरला.

"काहून रे शेषराव," ती म्हणाली, "या वयात बाया पाहत फिरून राहिला?"

"पाहून नाही राहिलो आजी. नावं इचारून राहिलो."

"हे तं आणखीच वाईट!" शेजारच्या दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. पण मग तिघीही फोटोवर वाकल्या, आणि त्या दिवशी आम्हांला दोन नावं मिळाली.

अशी तीस झाली. राहिली एक. तिसऱ्या रांगेत, डावीकडून दुसरी. फोटो काढताना तिनं मान वळवली असावी, अर्धाच चेहरा दिसतो. ती कोण, हे अकोटात कुणालाच आठवत नव्हतं. काका हट्टाला पेटले. तिचं नाव मिळेपर्यंत फोटो खोलीबाहेर जाणार नाही.

संग्रहालयाच्या मॅडम स्वतः येऊन गेल्या. त्या शांत बाई आहेत, कुणावर चिडत नाहीत. म्हणाल्या, "काका, तिच्यापुढे आपण 'अज्ञात' लिहू. त्यात काही कमीपणा नाही. सगळ्या संग्रहालयांत लिहितात."

"तुमच्या नावापुढं लिहून पाहा एक डाव."

"पण महिनाअखेर सूची छापायला जाईल. फोटो आला नाही तर त्या तीस जणीही राहून जातील. त्यांनी काय करायचं?"

काका खिडकीतून खाली सायकलींकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तीस जणीईले नाव अन् एकीले नाही, असं पंगतीत नाही करत आपण."

मला तेव्हा वाटलं, हा निव्वळ हट्ट आहे. महिना संपत आला होता आणि माझी यादी अर्धवट दिसत होती. मी काकांना न विचारता एकतिसाव्या ओळीत "अज्ञात" टाइप केलं आणि यादी मॅडमना पाठवून दिली. दोन दिवसांनी तपासणीसाठी कच्ची छापील प्रत आली. काकांनी ती वाचली. मी रागावणं ऐकायची तयारी करून उभी होते. पण ते रागावले नाहीत. चष्मा काढून त्यांनी विचारलं, "पोरी, तुह्या आजीचं नाव काय?"

"सुभद्रा."

"हे सासरचं. माहेरचं काय?"

मला माहीत नव्हतं. लग्नात मुलीचं नाव बदलतात हे मला ठाऊक होतं, पण आजीचंही बदललं असेल हे कधी मनातच आलं नव्हतं. मी बाबांना फोन लावला. ते मार्केट यार्डात हमालीवर होते.

"आजीचं माहेरचं नाव? काहून, काय झालं?" बाबा म्हणाले. "आमी तं माय म्हणो. आत्याले इचार." आत्यालाही माहीत नव्हतं. आजीला जाऊन सहा वर्षं झाली. आता विचारायला कुणी उरलं नव्हतं.

मी फोन ठेवला. तेव्हा काकांनी मला एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी मंडळात कुणालाच सांगितली नव्हती.

नोकरीला लागून त्यांना काही महिनेच झाले होते. एक पत्र आलं, "मैनाबाई, जिनात काम करणारी, अकोट." पाठवणारा तिचा भाऊ, कौंडण्यपूरकडचा. काका तीन दिवस त्या जिनात गेले. मुकादमाला विचारलं, बायांना विचारलं. मैना नावाची कुणीच नव्हती. चौथ्या दिवशी त्यांनी पत्रावर शेरा लिहिला आणि ते परत पाठवलं.

"वर्षभरानं माहं लग्न झालं," काका म्हणाले. "सासऱ्यानं, माह्या बायकोच्या बापानं, तिच्या माहेरच्या नावानं पत्र धाडलं. ते माह्याच हातात आलं, अन् मलेच कळे ना कोणाचं हाय. तवा डोक्यात उजेड पडला. ती मैना तिथंच होती पोरी. माह्यासमोरच बसली असंल. जिनात तिले दुसऱ्या नावानं हाका मारत असतीन. मी चुकीचं नाव इचारत फिरलो, अन् तिनं भीतीनं असो की लाजंनं, सांगतलं नाही. फोटोतल्या बाकी साऱ्या अकोटच्या. कोणालेच आठवत नाही अशी ही एकच हाय. भाऊ काय लिहित होता, कोण जाणे. माय मेली असंल. तोच मरत असंल."

चार वर्षं काका कशासाठी फिरत होते ते मला त्या दिवशी कळलं. मी एकतिसावी ओळ पुसून टाकली आणि मॅडमना फोन करून सांगितलं की 'अज्ञात' मी काकांना न विचारता लिहिलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "मग आता कसं शोधायचं?"

काकांनी एक मार्ग सुचवला, ती अकोटची नव्हती तर कदाचित दुसऱ्या गावच्या यादीत सापडेल. सामाईक सूचीच्या नमुन्यात एक रकाना वाढवायचा: माहेरचं नाव आणि गाव. ज्या बाईनं वस्तू दिली, जिनं वापरली, तिला पुन्हा विचारायचं. चारही ठिकाणी. मॅडम लगेच हो म्हणाल्या आणि त्यांनी छपाई पंधरा दिवस पुढे ढकलली. मंडळं कुरकुरली. अकोल्याहून निरोप आला की आम्ही वस्तू जमवतो, वधूवरसूचक मंडळ चालवत नाही. अचलपूरचे सचिव, निवृत्त मास्तर, फोनवर काकांना म्हणाले, "शेषरावजी, आता काय पोळपाटाचंही माहेर इचारू?"

"पोळपाटाचं नका इचारू. पोळ्या कोण लाटे ते इचारा."

मास्तर कुरकुरले, पण गेले. त्या वयात, उन्हात, घरोघर गेले. आठवड्यानं त्यांची सुधारलेली यादी माझ्याकडे आली. मी ती एकेक ओळ चढवत होते. सतराव्या ओळीत पितळी डबा होता, कामावर भाकर न्यायचा. देणारीचं नाव कौसल्याबाई. वापर: अकोटच्या जिनात दोन हंगाम. आणि नव्या रकान्यात मास्तरांच्या वळणदार अक्षरात: "मैना. कौंडण्यपूरजवळ."

हा डबा अचलपूरच्या मंडळात दोन वर्षं पडून होता. आमचा फोटो अकोटात. दोघांच्या याद्या शेजारी ठेवायला कुणाला सुचलं नव्हतं.

मला वाटलं, काका लगेच निघतील. ते खुर्चीतून उठलेच नाहीत.

"तू जा," ते म्हणाले. "मी आलो तं मले तिले सांगा लागंल, का पत्र मी वापस धाडलं. तू फोटो दाखव. पत्राचं काही बोलजो नको."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मी अचलपूरला गेले. मास्तर मला कौसल्याबाईंच्या घरी घेऊन गेले. त्या ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होत्या. मी फोटो पुढे केला. चष्मा नव्हता, तरी त्यांनी सरळ तिसऱ्या रांगेवर बोट ठेवलं.

"हे मी. हे बाजूची सारखी चिमटे घेत जाय, म्हणून मान वळली." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण माहं माहेरचं नाव काहून इचारून राहिले होते मास्तर? मैना म्हणणारा माहा भाऊच होता एकटा. जिनात मी कौसल्या. एक डाव त्या भैताडानं, येडपटानं, मैना नावानं पत्र धाडलं. कोण देते?"

पत्राबद्दल बोलायचं नाही असं ठरलं होतं. त्या सूप बाजूला ठेवून स्वतःच सांगत गेल्या, आणि मी ऐकत राहिले.

दुपारी बसस्टँडवरून मी काकांना फोन केला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला.

"तीच आहे काका. तिसऱ्या रांगेतली. कौसल्याबाई, माहेरच्या मैना. दोन्ही नावं लिहा म्हणाल्या."

"हां," काका म्हणाले. "मॅडमले सांग, उद्या फोटो घेऊन मी सोताच येतो अमरावतीले." पण फोन ठेवत नव्हते, विचारतही नव्हते.

मग मी शब्द मोडला असं म्हणा. पत्राबद्दल मी काही बोलले नव्हते, पण त्या जे बोलल्या ते सांगू नको, असं काका म्हणाले नव्हते. मी सांगितलं की पत्रात विशेष काही नव्हतं, धाकटीच्या लग्नाला ये एवढंच होतं. ते परत गेलं. त्यावर पोस्टमननं लिहिलं होतं, तीन दिवस चौकशी केली, सापडली नाही. ते वाचून भाऊ घाबरला. तीन रोजात सापडली नाही म्हणजे बहीण मेली का काय, असं म्हणून हातातलं काम टाकून तो स्वतः अकोटला आला, आणि जिनाच्या फाटकाशी उभा राहिला. लग्नाला तिला घेऊनच गेला. पुढच्या पावसाळ्यात तो तापानं गेला. पत्र मिळालं असतं तर मी रजा मिळत नाही म्हणून निरोप धाडला असता, असं त्या म्हणाल्या.

फोनमधून मंडळाच्या खालचा सायकलवाला कुणाचं तरी चाक ठोकत असलेला ऐकू येत होता.

"म्हणजे भाऊ आलता?" काकांनी विचारलं.

"आलते काका."

"भेट झाली त्याईची?"

"झाली," मी म्हटलं.