लग्नचौकाला नवरा-नवरी पाहिजे

पेणकरपाड्यातल्या आठ सोसायट्यांच्या आदिवासी कला महोत्सवाचं उद्घाटन सहाला होतं, आणि साडेचारला लाडकीआजीने विचारलं, "नवरा-नवरी कुठं हायेत?"

महोत्सवाचा सचिव साईराज चाळके खुर्च्यांना कव्हरं चढवत होता. "कुठले नवरा-नवरी, आजी?"

"मग चौक कुणाच्या लग्नाचा काढलाय?"

आता चूक कोणाची म्हणाल, तर सगळी साईराजची. 'छापील चित्र नको, सगळं ओरिजिनल पाहिजे' असं चेणे गावातल्या वारली पाड्यावर जाऊन त्याने तीनदा बजावलं होतं. घ्या ओरिजिनल! मैदानात कुडाची भिंत उभी राहिली, शेणाने सारवली गेली, वर गेरू लागला. ममता नावाच्या सवाष्णीने तांदळाच्या पिठाने लग्नचौक काढला आणि मधोमध लग्नाची देवी पालघट बसवली. गाणी गाऊन लग्न लावणारी धवलेरी, म्हणजे ही लाडकीआजी, तिला तर साईराजने खास रिक्षा पाठवून आणलं. एवढं सगळं जमवलं की शहाणी माणसं त्याला लग्न म्हणतात, एवढंच याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"आजी, अहो हे नुसतं दाखवायला आहे."

"कागदावर काय बी दाखव, बाबा. कागद ईकायला असतो. हितं देवी बसलीय. लगीन लागल्याबिगर मी उठायची न्हाय, नि तवर नाच बी न्हाय."

हे ऐकून राघोने हातातला तारपा खाली ठेवला. दुधी भोपळ्याचं ते लांबलचक वाद्य वाजवणारा अख्ख्या पाड्यात तो एकच, पण धवलेरीचा शब्द मोडायची त्याची छाती नव्हती. दरवर्षी या मैदानात डीजे लागायचा. 'एकदा मला संधी द्या' म्हणून सहा महिने साईराजने समितीच्या विनवण्या केल्या होत्या. आजचा कार्यक्रम फसला, तर पुन्हा कोणी चेण्याचं नावही काढलं नसतं.

"पुसून टाकूया का?" त्याने हळूच विचारलं.

"बसल्या देवीला उठवतोस?" ममता किंचाळली.

तेवढ्यात ए विंगचे बंटीभाई उत्साहाने पुढे आले. "अरे साईराज, हमारा दुबारा कर दो ना! अगले हफ्ते एनिवर्सरी भी है."

"झालेलं पुन्हा लागत न्हाय," आजी म्हणाली.

आणि मग साईराजच्या आई, सुगंधाबाई, पदर खोचून उठल्या. चौतीस वर्षांचा मुलगा बिनलग्नाचा, समोर मांडव, गाणारी बाई तयार, वर मुख्य पाहुणे येणार. असा योग कोण सोडेल?

"आमचा आहे ना! उभा करा त्यालाच."

"आई!"

"गप्प बस. पत्रिका बघून काय दिवे लागले?"

"अगं, पण मुलगी?"

"ती काय, आत्ता बघते." सुगंधाबाईंनी माइक हातात घेतला. "हॅलो, हॅलो. उपस्थितांपैकी कोणाची मुलगी लग्नाची असेल, तर त्यांनी कृपया मंचाजवळ..."

साईराजने झडप घालून माइक हिसकावला. तोवर दोन कुटुंबं खरोखरच उठून पुढे यायला लागली होती. तो पळाला तो थेट नाचणीच्या भाकऱ्यांच्या स्टॉलमागे जाऊन दडला. तिथे राघोची बायको सोनी भाकऱ्या भाजत होती.

"मावशी, संपलं सगळं," त्याला रडूच फुटलं. "तुम्हा सगळ्यांना एवढ्या लांब आणलं, आणि आता नाचही नाही."

तव्यावरची भाकरी करपली तरी सोनीने उलटली नाही. राघोसोबत मागोमाग आलेल्या ममताने ते पाहिलं आणि ती राघोवर उखडली, "राघोदादा, बोल की आता! का म्हातारपणी बी लपवणार?"

राघो मान खाली घालून म्हणाला, "आमचं ऱ्हायलंय."

"काय राहिलंय?"

"लगीन. तीस वर्सं झाली एकत्र ऱ्हातोय. आज करू, उद्या करू... दर साली काय ना काय निघालं. आता पोराचं ठरलंय, पण आई-बापाचं लागल्याबिगर त्याचं लावत न्हाईत आमच्यात."

साईराजने डोळे पुसले आणि माइककडे धूम ठोकली.

मग काय विचारता! सुगंधाबाईंनी कपाटातली नवी कोरी साडी आणून सोनीला नेसवली, आणि घरातली हळद डब्यासकट आणली. बंटीभाई नवऱ्याचे करवले झाले. पाहुणे सहाच्या ठोक्याला आले, त्यांच्या हातात फितीच्या कात्रीऐवजी तांदूळ पडले. त्यांचं भाषण खिशातच राहिलं, पण ते तक्रार करायच्या मनःस्थितीत नव्हते, कारण रडत होते. लाडकीआजीचा आवाज असा लागला की समोरच्या सात मजल्यांवरच्या खिडक्या भराभर उघडल्या. डीजेवाल्या समितीतली माणसं तर पुढच्या रांगेत जागा धरून बसली.

लग्न लागलं. सोनीने हळदीच्या हाताने डोळे टिपले आणि राघोला सगळ्यांदेखत ऐकवलं, "तीस वर्सं मनात येईल तवा निघून जायची मोकळीक व्हती मला. आज अडकवलंस."

"मग गेली का न्हाईस?" राघोने विचारलं.

"तुझं वाजवणं संपायची वाट बघत व्हते."

राघो खुदकन हसला, आणि त्याने तारपा तोंडाला लावला.