मोजणीवाले सोनकांबळे

आमच्या गल्लीत सोनकांबळे कुणाच्याही घरी गेले अन् बाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, की ते लगेच पीत नसत. तांब्या डोळ्यांसमोर धरायचे अन् विचारायचे, "ह्यात पेले किती बसत्याल? आधी अंदाज सांगा, मग मोजू." साल दुष्काळाचं. बाई मनात म्हणायची, पेलाभर पी अन् जा बाबा. पण तोवर घरातलं लेकरू "चार" म्हणालेलं असायचं, बाप "पाच" म्हणायचा, अन् पाणी तांब्यातून पेल्यात, पेल्यातून तांब्यात फिरत राहायचं. सोनकांबळे तहानलेलेच.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. जिल्हा नवा, कचेरी नवी, पाणी मात्र जुनंच, म्हणजे नव्हतंच. त्या कचेरीत नकाशे काढायला हा माणूस हिमायतनगरकडून आला. माझ्या दारासमोरच्या एका खोलीत एकटाच राहायचा. बायको नाही, लेकरू नाही, अन् गल्लीतल्या आई-बापांना लेकरं कशी खेळवायची ते हाच शिकवणार. मी एकदा तोंडावर म्हणालो, "तुमाला लेकरू न्हाई, तुमाला काय कळतंय?"

"म्हणूनच तर वेळ हाय, आबा."

रविवारी सकाळी त्यांचा खेळ. नियम एकच. लेकरू एकटं आलं तर वापस. संगं आई न्हाईतर बाप पायजे. एकदा माझ्या दारातल्या कडुलिंबाची उंची मोजली. जमिनीत काठी उभी केली. काठीची सावली काठीएवढी झाली की त्याच घडीला लिंबाची सावली मोजायची. जेवढी सावली, तेवढा लिंब. सोपं हाय. पण एक बाप बनियनवर काठीपाशी बसून "झाली, झाली" करून राहिला होता, दुसरा अर्धी दाढी ठेवून टेप घेऊन पळाला, अन् त्याची पोरगी त्याला दापून राहिली होती, "पप्पा, सरका की, तुमचीच सावली मोजून राहिले तुम्ही."

दुसऱ्या रविवारी दोन ताटल्यांत सारखं पाणी ओतून उन्हात ठेवलं. एक झाकलेली, एक उघडी. संध्याकाळी उघडीतलं गायब. शेजारच्या मीराची सासू म्हणाली, "आमच्या सुनेनंच सांडलं असंल." सोनकांबळे म्हणाले, "उन्हानं पिलं, मावशी." मावशी जरा हिरमुसली. उन्हाशी भांडता येत नाही. पण त्या दिवसापासून गल्लीतल्या एकूण एक रांजणावर झाकण आलं, हे मला कबूल करावं लागतं.

आम्हाला मूल नव्हतं. माझ्या बायकोला, गयाला, ह्या खेळाचा लई नाद. नियमाचं काय करायचं, म्हणून तिनं विचारलं. सोनकांबळे म्हणाले, "तुम्ही आई म्हणून या, आबाला लेकरू म्हणून आणा." ती आली, मला हाताला धरून. गल्ली हसली. त्या दिवशी सवाल होता, एका भाकरीत ज्वारीचे दाणे किती. गयानं चिमूटभर दाणे मोजले, एका भाकरीच्या ज्वारीत तशा चिमटी किती ते मोजलं, अन् पाढा न येता सगळ्यांत जवळचा आकडा सांगितला. घरी येताना म्हणाली, "मला शाळेत घातलं असतं तर तुमच्या गळ्यात पडले नसते."

त्याच उन्हाळ्यात गया गेली. दोन दिवसांचा ताप, बस्स.

टँकर एक दिवसाआड यायचा. माणशी दोन घागरी. कुणाच्या घरी माणसं किती, ती यादी सोनकांबळ्यांनी माझ्याच भिंतीवर कोळशानं लिहिली होती, अन् दर रविवारी लेकरं आई-बापासंगं तिची बेरीज तपासायची. माझ्या नावापुढं दोन होते. गयाचे दिवस झाले तेव्हापासून मी सकाळी उठून तो आकडा बघायचो. पाण्याचं मला काही नव्हतं. तो खोडला की ती माझ्या घरातून दुसऱ्यांदा जाणार, एवढंच.

रविवार आला. मीरा कडेवरचं तान्हं लेकरू सांभाळत पुढं झाली. "आबा, राग धरू नका. बाळाला यादीत धरलं न्हाई. दुपटी धुवायला थेंब न्हाई. गयामावशी होत्या तवर मी तोंड उघडलं न्हाई."

"गप की," तिची सासू म्हणाली.

मीरा खरं तेच बोलली होती. मी म्हणालो, "खोडा, सोनकांबळे. एक करा."

त्यांनी बाही ओढून घेतली अन् खाली वाकले. यादीत सगळ्यात खाली त्यांचं स्वतःचं नाव होतं, पुढं एक. ते त्यांनी पार पुसून टाकलं. मग लेकरांकडं वळले. "आबांच्या घरी आता एक. मी आजपासून तिथंच जेवणार. किती झाले?"

"दोन."

"म्हणजे आबांचा आकडा बरोबर हाय. गयाबाईंच्या दोन घागरी मीराच्या बाळाला. आई-बापासंगं बेरीज करा, चुकली तर सांगा."

आई-बाप बोटं मोजायला लागले. बेरीज चुकली नव्हती.

"मला विचारलं का?" मी म्हणालो.

"न्हाई," ते म्हणाले, अन् कोळसा खिशात टाकून खोलीत गेले.

दुपारी आले. हातात एक ताट, एक पेला. उंबऱ्याबाहेरच बसायला लागले. मी म्हणालो, "आत बसा, कुत्रं हाव का?" आत बसले. मी केलेली भाकरी मोडली अन् मुंडी खाली घालून जेवायला लागले. घरोघरी जाऊन तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस, माझ्या घरात एक शब्द नाही.

"आज का गप?"

"संगं कुणी जेवायला नसतं, आबा. जेवताना काय बोलत्यात ते म्हाईत न्हाई."

"काही बी बोलत्यात."

त्यांनी भाकरीचा तुकडा बोटांत धरून बघितला. "भाकर लई जाड झालीय."

"मग गिळा," मी म्हणालो, अन् उरलेली अर्धी त्यांच्या ताटात टाकली.