खंडूआबांचा जाळपट्टा

आमच्या गावात दोन माणसं समोरासमोर आली की "जेवलास का" विचारतात. खंडूआबा विचारायचे, "वारं कुटनं हाय?" तुम्ही तापानं फणफणलेले असा, लेकीचं लग्न ठरवायला निघालेले असा, नाहीतर कुणाला पोचवून मसणवटीतून परत येत असा, आबांचा पहिला प्रश्न हाच. बरं, उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. "काय की बाबा" म्हणालात तर आबा चिमूटभर माती उचलून तुमच्या नाकासमोर सोडायचे आणि ती कुठं उडते ते तुम्हालाच बघायला लावायचे.

मी तळेगावची. लग्न होऊन या आंदर मावळातल्या गावात आले, तेव्हा वरात दिवेलागणीला वेशीत शिरली. पुढं मशाली, मागं वाजंत्री, मध्ये मी. तेवढ्यात एक उंच, वाळकुडा म्हातारा घागर घेऊन आडवा आला आणि एकेका मशालीवर पाणी ओतत सुटला. शेवटच्या मशालीचं पाणी माझ्या डोक्यावर. कुंकू नाकावर ओघळलं, वाजंत्री थांबली, मी हमसून रडायला लागले. सासूबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "रडू नगं गं. शेजारी हाये आपला." माझी आणि खंडूआबांची ओळख ही अशी झाली.

तेव्हा गावातली सगळी घरं गवतानं शाकारलेली. डोंगरावर कमरेएवढं गवत, फाल्गुन लागला की ते खडखडीत वाळायचं, आणि मग एक विडी कुणी विझवायला विसरला की डोंगराची सगळी धार पेटायची. वणव्याला सगळेच भ्यायचे. पण आम्ही आपले चार घटका भ्यायचो आणि मग जेवायला बसायचो. आबांना ती सवड नव्हती. उन्हाळाभर त्यांच्या खांद्यावर जांभळीचा ओला डहाळा असायचा, आग झोडपायला. लग्नाच्या पंगतीत बसले तरी डहाळा पत्रावळीशेजारी. वाढपी त्याला वळसा घालून वाढायचे. स्वतःची चूल त्यांनी घरापासून लांब, ओढ्याच्या वाळूत मांडली होती. होळीला गाव गोळा झालं की आबा भरलेली घागर घेऊन पुढं उभे राहायचे आणि सांगायचे, "होळी करा की, पन पोळीएवडी करा." पोरं खिदळायची, मोठी माणसं वैतागायची, आणि होळी दरवर्षी थोडी बारकीच व्हायची.

त्यांचा खरा जीव जाळपट्ट्यात. घराभोवती बैलगाडी फिरेल एवढी रुंद पट्टी ते दर साली काढायचे. गवतावर दंव असताना, वारं पडलेलं बघून, ते हातानंच ती पेटवायचे आणि डहाळ्यानं झोडपत विझवत पुढं सरकायचे. आपणच आधी जाळून टाकलं की वणवा आला तरी त्याला तिथं खायला काही उरत नाही. पट्टीच्या कडेला एक चपटा दगड होता. आत यायचं तर विडीकाडी त्या दगडावर ठेवायची. एकदा जंगलखात्याचा राखणदार पेटती चिलीम घेऊन आला आणि म्हणाला, "हे रान सरकारचं हाय, म्हातारबा." आबा म्हणाले, "रान सरकारचं आसंल. घर माजं हाय. चिलीम तितं ठेव." त्यानं ठेवली बिचाऱ्यानं. परत निघताना बघतो तर चिलीम घागरीत बुडालेली.

आता यात मला एक गोष्ट उमगत नव्हती. आबा एकटे. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. घर बघाल तर गोठ्यापेक्षा लहान. मग पट्टा एवढा लांबलचक कशाला? तर त्या पट्ट्याच्या आत दोन घरं होती. एक आबांचं आणि अंगणाच्या पलीकडं दुसरं, चांगलं ऐसपैस, पडवीचं, दाराला कडी लावलेलं. त्यात कुणी राहत नव्हतं. तरी दर वैशाखात आबा आधी ते घर शाकारायचे, लांब, निवडक गवतानं. उरलेली काडी स्वतःच्या घरावर टाकायचे. पावसाळ्यात त्यांच्या घरात भांडी मांडून बसायची वेळ यायची आणि रिकामं घर आतून ठणठणीत कोरडं. मला कुठं गप्प बसवतंय. म्हटलं, "आबा, तुमच्यापेक्षा तिथले उंदीर सुखात आहेत." आबा म्हणाले, "आसूं दे. वारं कुटनं हाय?"

शेवटी सासूबाईंनी सांगितलं. ते घर आबांच्या धाकट्या भावाचं, म्हादूचं. आई लवकर गेली, तेव्हा म्हादूला आबांनीच खांद्यावर घेऊन वाढवला. त्याचं लग्न ठरतंय म्हणून दोघा भावांनी मिळून ते घर बांधलं. मग सोमाटण्याकडची माणसं म्हादूला बघायला आली. चैत्राचं ऊन, भर दुपार. पाहुणे पडवीत बसलेले, बोलणी गोडीत चाललेली. म्हादू बावरलेला, त्यानं विडी पेटवली आणि काडी अंगणात टाकली. आबांनी कोपऱ्यातली घागर उचलली आणि पाहुण्यांच्या देखत अख्खी भावाच्या डोक्यावर रिकामी केली. पाहुणे आधी हसले. मग उठले आणि गेले. ज्या घरात नवरदेवाला असं भिजवतात तिथं पोरगी द्यायची कशी, म्हणाले. म्हादू त्याच ओल्या कपड्यांनी मुंबईला निघून गेला. जाताना म्हणाला, "आता बस माजं घर सांबाळत."

"मग?" मी विचारलं.

"मग काय," सासूबाई म्हणाल्या, "तवापासनं बसलाय सांबाळत."

हे ऐकून मी आधी हसले. तांदूळ निवडायला घेतले, आणि हात चालेना. रागात टाकलेला शब्द या माणसानं कामगिरी म्हणून उचलला होता. म्हादू गोदीत आहे म्हणे, कुणी सांगायचं लग्न केलं, कुणी सांगायचं केलं नाही. आबा कुणालाच काही विचारायचे नाहीत. मुंबईचं माणूस गावात आलं की फक्त त्याच्या आसपास घुटमळायचे आणि वाऱ्याची चौकशी करून परत जायचे. मला त्यांचा राग यायचा. जावं ना मुंबईला, धरावा त्याचा हात. पण उन्हाळ्यात घर सोडता येत नाही, पावसाळ्यात गळतं का बघायला लागतं, आणि हिवाळ्यात पट्टा काढायचा. आबांना जायला फुरसत म्हणून कधी मिळालीच नाही.

एका चैत्रात पलीकडच्या गावची जत्रा होती आणि आमच्याकडचे बाप्ये झाडून सगळे तिकडं गेले होते. मागं आम्ही बायका आणि म्हातारी माणसं. वरच्या वाडीत कुणीतरी भर दुपारी राब भाजायला घेतला. भाताच्या रोपांची जागा सगळेच भाजतात, पण ती सकाळी, वारं बघून. यानं वारं बघितलं नाही. आबांनी आयुष्यभर सगळ्या गावाला विचारलेला प्रश्न, तो यानं स्वतःला एकदा विचारला असता तर बरं झालं असतं. बघता बघता धार पेटली. आम्ही बायका डहाळे घेऊन धावलो.

पट्ट्यानं आपलं काम चोख केलं. वणवा तिथवर आला, फणफणला आणि दोन्ही अंगांना फुटून ओढ्याकडं गेला. पण वाऱ्यानं उडवलेली जळती काडी पट्ट्याला कुठं जुमानते. ती दोन्ही छपरांवर पडली. आबा अंगणात मध्ये उभे होते, हातात डहाळा. त्यांनी स्वतःच्या घराकडं पाहिलंसुद्धा नाही. ते म्हादूच्या छपरावर चढले आणि जळतं गवत हातानं उपसून खाली फेकायला लागले. आम्ही खालून घागरी देत होतो.

मी ओरडले, "आबा, तुमचं घर पेटलं."

"माजं मला ठावं हाय. घागर दे वर."

म्हादूचं घर वाचलं. आबांच्या घराचे चार काळे खांब उरले.

गाव जत्रेहून परतलं आणि म्हणालं, आता म्हादूच्या घरात राहा. आबा म्हणाले, "घरधनी न्हाई तवर आत कसं जावं?" पावसाळाभर ते त्या घराच्या पडवीत राहिले, दाराला टेकून. कडी काढली नाही. भाकरी आमच्याकडं खायचे. पोळलेले हात बरे झाले, पण बोटं पुरती मिटेनात. डहाळा तरी सोडला नाही.

दिवाळी आली. संध्याकाळी मी उंबऱ्यावर पणत्या लावत होते. एरवी माझ्या पणत्या मोजून नाक मुरडणारे आबा समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सूनबाय, तुजा कंदील दे जरा. पेटवून दे."

या माणसानं उभ्या जन्मात कुणाकडं विस्तव मागितला नव्हता.

"मुंबैची मान्सं दिवाळीला येत्यात," ते म्हणाले. "म्हादू आला तर खिंडीतनं उतरंल. वरनं बगंल, तर दोन घरं दिसायची तितं आता एकच. त्येला वाटंल, आपलंच जळलं. आन् तसाच माघारी फिरला म्हंजी?"

मी कंदील पेटवला, काच पुसली आणि त्यांच्यासोबत गेले. त्यांनी तो पडवीच्या खांबाला, खिंडीच्या बाजूनं टांगला. एका अंगाला भरलेली घागर ठेवली, दुसऱ्या अंगाला डहाळा, आणि मध्ये बसले. वर खिंडीत काहीच हलत नव्हतं.

"वारं कुटनं हाय?" त्यांनी विचारलं.

मी चिमूटभर माती उचलून सोडली. ती सरळ खाली पडली.

"पडलंय, आबा."

"मंग ऱ्हाऊं दे जळत," आबा म्हणाले.