चेहरा सुसंगत करून आणावा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या रामीबाई हयात आहेत की नाहीत, हे ठरवण्याचा अधिकार रामीबाईंना नाही. तो मोबाइलला आहे. निराधार पेन्शन चालू ठेवायची तर विधवेने दरवर्षी मोबाइलपुढे तोंड धरायचं. जुन्या फोटोशी जुळलं तर बाई जिवंत.

यंदा जुळलं नाही. उन्हात कापूस वेचून वेचून दोन्ही गालांवर वांगाचे काळे डाग पसरलेले, कपाळभर सुरकुत्या.

"मीच होय ना साहेब! गावाले विचारा."

"तुमी असान हो आजी," तहसील कचेरीतले लिपिक भगवानराव म्हणाले, "पन मोबाइल नाही म्हनून राह्यला. मी मंधात कायले पडू?"

"मंग फोटो नवा काढा."

"फोटो शासकीय हाये, त्याले हात लावता येत नाही. चेहरा तुमचा खासगी हाये. त्याच्यात दुरुस्ती करा."

आणि तशी लेखी समज दिली: 'लाभार्थीने आपला चेहरा अभिलेखातील चेहऱ्याशी सुसंगत करून फेरसादर करावा.'

नात निकिता यवतमाळला पार्लरात कामाला. तिने व्हिटॅमिन सीच्या सीरमची बाटली आणली. "आजी, रोज सकाळी दोन थेंब. डाग जातीन, चामडी चमकन. पन उन्हात नाही जायचं."

"मंग वेचनी कोन करन? तुही पार्लरवाली?"

"तुले पेन्शन पाह्यजे का कापूस?"

ऐन वेचणीत रामीबाई घरात बसल्या. निकिताच्या पगारात दोघींनी कसंबसं भागवलं. हंगाम गेला; डागही गेले. मोबाइलने हिरवी खूण दाखवली. भगवानरावांनी रामीबाईंना जिवंत घोषित करून अभिनंदन केलं आणि प्रकरण पडताळणी समितीपुढे ठेवलं.

समितीच्या अध्यक्षांनी चेहरा पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"बाई, तुम्ही निराधार? वाटत नाही हो."

"कसं वाटावं लागते साहेब?"

"जरा उन्हातान्हातलं."

"तसंच व्हतं थे. तुमच्याच हापिसानं पुसाले लावलं."

अध्यक्षांनी शेरा मारला: 'ओळख पटली. मात्र मुखावर सुबत्तेचे तेज आढळले. सबब अपात्र.' पेन्शन बंद. अपील करता येईल, सोबत उन्हाने रापलेला चेहरा जोडावा.

दुसऱ्या दिवसापासून रामीबाई भर दुपारी शेतात जाऊन तोंड वर करून उभ्या राहू लागल्या. वेचायला काही उरलं नव्हतं, कापसाच्या नुसत्या वाळक्या पऱ्हाट्या होत्या. रस्त्यावरून जाणाऱ्या भगवानरावांनी मोटारसायकल थांबवली. बांधापर्यंत आले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "आजी, आमच्या घरच्यायले बी वांग हाये. कोनती बाटली होय थे?"

भगवानरावांना हसू नका. म्हातारीच्या तोंडचा घास गेला, हे वाचूनही तुम्ही पुढे सरकलात, आणि बाटलीचं नाव शोधत इथवर आलात. ते इथे मिळणार नाही.