डाळिंबाचं तेरावं

आमच्या गावात डाळिंबाचं तेरावं जेवलेली माणसं आहेत. त्यातली एक मी. ताटात लापशी, वांग्याची भाजी, कढी-भात आणि समोर ओट्यावर हार घातलेलं एक वाळकं डाळिंब!

हा उद्योग आमच्या शेजारच्या दगूनानांचा. पावसानं ताळतंत्र सोडल्यापासून आमच्या कळवणकडे कुठलं पीक लावावं हे कुणालाच धड कळेनासं झालंय. बाकीचे डोकं धरून बसतात. नाना मात्र दरवर्षी घराजवळच्या वावरात काहीतरी नवं लावतात आणि ते मेलं की तेराव्या दिवशी अख्ख्या गल्लीला जेवायला घालतात. डाळिंब रोगानं गेलं, द्राक्षं अवकाळीनं, स्ट्रॉबेरी उन्हानं. सफरचंदाच्या वेळी तर मी भांडलेच. म्हटलं, "नाना, कळवणात सफरचंद? डोकं ठिकाणावर आहे का?"

"लावून तर बघू, बाई! मेलं तर जेवायला या."

अंगणवाडीत असल्यामुळे मला सगळं गाव बाईच म्हणतं. सफरचंद मेलं. आम्ही जेवायला गेलो.

जेवणाआधी भाषण ठरलेलं. हातात पळी घेऊन नाना उभे राहायचे. "मेलं ते मेलं, पन कशानं मेलं ते गावाला कळाया पायजे!" मग पाणी कधी दिलं, फवारणी कुठं चुकली, ऊन कधी तापलं, सगळा पाढा. इकडे लापशी गार. मी जाम चिडायचे. पण खरं सांगते, पुढच्या हंगामाला काय लावायचं नाही, हे गाव त्या पंगतीतच ठरवायचं. पीक बुडालं की लोक तोंड लपवतात. हा माणूस आपली फजिती आग्रह करकरून वाढायचा.

यंदा नानांनी शेवगा लावला. पाऊस महिनाभर गायब झाला, गावातला मका करपला, पण शेवगा काही हटला नाही. हातभर शेंगा लोंबायला लागल्या. गाव खूश, मीही खूश.

एका सकाळी बघते तर नानांनी पंगतीची सगळी ताटं घासून ओट्यावर मांडलेली.

"अगंबाई! आता काय मेलं?"

"कायच नाय ना, बाई," नाना एवढंसं तोंड करून म्हणाले. "लय चिवट निघाला. आता कोनाला कशाला बोलवू?"

ती ताटं नानींनी हौसेनं घेतलेली. नानी गेल्या, मुलगा नाशिक रोडला नोकरीत. एरवी त्या घरात एकच ताट निघतं. ही तेरावीसुद्धा नानी गेल्यावरच सुरू झाली. इतकी वर्षं लापशी ओरपली, पण एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नव्हती.

मग मी भडकलेच. "मेल्यावरच बोलवायचं असतं का हो माणसांना?" म्हटलं आणि तरातरा गल्लीत निघाले.

दुपारी शेवग्याचं बारसं! माझ्या नातवाचा पाळणा आणला, शेंगेला टोपडं घातलं. पाय मात्र पाळण्याबाहेर! बायकांनी पाळणा म्हटला. आत्या मी. शेंगेचा कान कुठला, यावर थोडी भांडाभांडी झाली, मग मीच एका टोकाला कुर्रर्र केलं आणि नाव ठेवलं अमर. घरोघरचं जेवण आलं, घुगऱ्या वाटल्या.

नाना पळी घेऊन उभे राहिले. "जगला तो जगला, पन कशानं जगला ते..." उपरण्यानं डोळे पुसले आणि सरळ वाढायलाच लागले. कुणाला उठू देईनात.

लोक पांगल्यावर मी ताटं आवरत होते. नाना हळूच जवळ आले.

"बाई, पोराचा वाढदिवस पन करतात ना?"

"करतात की, नाना," मी म्हटलं. "दरवर्षी करतात."