चंद्रीच्या धारेचं शूटिंग

केसरबाईचं लेकीच्या बाळंतपणाला जायचं ठरलं आणि युसूफ वडगावच्या बंकटरावांची झोप उडाली. लेकीच्या काळजीनं नव्हे, चंद्रीच्या. चंद्री ही त्यांची म्हैस. केसरबाई सोडून दुसऱ्या कुणी कासेला हात लावला की ती अशी लाथ घाली, की माणूस बसलेला असे गोठ्यात आणि उठे तो थेट उकिरड्यावर. बंकटराव दोनदा तिथून उठले होते.

तेव्हा बायको जायच्या आत म्हैस विकायची. चौसाळ्याच्या विश्वेश्वरअप्पांना म्हैस हवी होती, पण अप्पा पक्का गडी. फोनवर म्हणाले, "धार काढतानाचा व्हिडिओ धाडा. एकसलग. मधी तोडलेला चालायचा न्हाई."

बंकटरावांनी एक व्हिडिओ काढून पाहिला. पुतणी संस्कृतीनं कपाळाला हात लावला.

"तात्या, ही म्हैस हाय का धुकं?"

"काच तर पुसली की धोतराच्या सोग्यानं."

"त्याच सोग्याला चुन्याची बोटं पुसताव ना तुमी!"

मग तिनं धडा दिला. काच स्वच्छ कापडानं पुसायची. फोन आडवा धरायचा, नव्हे, धरायचाच नाही, हात हलतो. कशात तरी टेकवायचा. ऊन आपल्या पाठीशी घ्यायचं. आणि आवाज नीट यायला फोन जवळ ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंकटरावांनी सगळं तंतोतंत केलं. ऊन पाठीशी यावं म्हणून चंद्रीला गोठ्यातून सोडून अंगणात आणून बांधलं. फोन हलू नये म्हणून कडब्याच्या पेंढीत घट्ट खोचला आणि पेंढी ठेवली चंद्रीच्या अगदी जवळ. केसरबाई बादली घेऊन धारेला बसली.

चंद्रीला नवी जागा पटली नाही. फोन चालू होताच तिनं मान लांबवून पेंढीच ओढली. फोन कॅमेरा वर करून पडला. मग एक लाथ तिनं बादलीला घातली, दुसरी बंकटरावांना थोडक्यात हुकली.

"आगं, धर तिला!" बंकटराव भिंतीआडून ओरडले. फोनचं तोंड आपल्याकडं नाही म्हणजे आपलं बोलणंही त्यात जात नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. "ह्या लाथांपायीच तर इकायलोय हिला! अप्पाला कळलं तर मेलो!"

"कावून वरडायलाव? गप बसा." केसरबाईनं चंद्रीची पाठ थोपटली, काहीतरी गुणगुणलं, आणि दुधाची धार बादलीत वाजू लागली.

धडा पुरा पाळला होता, तेव्हा पाहायचं काय? बंकटरावांनी व्हिडिओ तसाच धाडला.

दुपारी अप्पांचा फोन आला. "बंकटराव, वीस मिनिटं आभाळ पाह्यलं. दोन घारी दिसल्या, म्हैस कुठं हाय?"

"अप्पा, ते जरा..."

"पण आवाज लई झकास! एकेक लाथ मोजून घेतली, तुमचं 'मेलो' बी ऐकलं."

बंकटरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमची म्हैस नको मला," अप्पा शांतपणे म्हणाले. "पण वहिनीच्या हाताला गुण हाय. आमच्याकडं बी असलीच एक हाय, तीन गडी पळाले तिच्यापायी. तिला टेम्पोत घातलीय. महिनाभर ठिवा, वळण लावा." आणि फोन बंद.

केसरबाई पिशवी भरत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एक जुनं लुगडं बाजूला काढून ठेवलं.

"हे नेसून बसत जा. चंद्रीला वाटंल मीच हाय."

"आन् अप्पाच्या म्हशीला?"

"तिनं मला कुठं पाह्यलंय?" केसरबाईनं पिशवीची चेन ओढली. "तिची केसरबाई तुमीच."