नागोरावचे सुगंधी रोडगे

धरणाच्या काठी तंबू ठोकून सगळ्या खानदानानं मुक्काम करायचा ठरलं, तेव्हा नागोरावनं एकच अट घातली : जेवणाचं डिपार्टमेंट त्याचं. (तंबूंचं डिपार्टमेंट त्यानं मोठ्या मनानं मेहुण्याला, इंद्रजितला, दिलं. तंबू जड होते.)

"पंचवीस मानसाचं जेवन हाय," त्याची बायको रुखमाबाई म्हणाली. "पोरगी पाहाले गेल्यासारखं नाई, पोहे खाल्ले न् उठले."

"तू कायले टेन्शन घेते? बायांनी फक्त पान्यात पाय सोडून बसाचं. नाई जमलं तं जनमभर तुया चुलीत नाक खुपसनार नाई."

"ध्यानात ठेवजा."

बेत साधा होता. रोडगे, वांग्याची भाजी, वरण. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, त्यात अवघड काय?

"गोवऱ्या त्या गोवऱ्या थापनाऱ्या जमनीकडून आना," रुखमाबाई म्हणाली. " पोतंभर देईन ते."

"गोवऱ्याचं पोतं स्कूटीवर घेऊन दिग्रसच्या बस स्टँडसमोरून जाऊ मी? शाळेचा हेडक्लार्क?"

हेडक्लार्कनं गोवऱ्या मोबाईलवर मागवल्या. फोटोत नाकीडोळी नीटस गाय होती. त्याखालचं वाचायची त्याला गरज वाटली नाही. आल्या त्या मिठाईसारख्या सोनेरी डब्यांत, गोल, गुळगुळीत. नागोरावनं एक हुंगली. केवढा सुगंध! (गाय चांगल्या घरची असावी.)

धरणावर आर पडला, धूर निघाला, रोडगे फुलले. इंद्रजित तंबू सोडून आला.

"भाऊजी, वास लय भारी येऊन राह्यला!"

"देशी गाय हाय," नागोराव म्हणाला, जणू स्वतःच पाळली होती. पहिला रोडगा फोडून, तूप सोडून त्यानं मेहुण्याला दिला.

इंद्रजितनं घास घेतला आणि चावणं थांबवलं. "भाऊजी, कनकीत कापूर टाकला काय?"

"ओवा टाकला, ओवा!"

"मंग हा ओवा बिमार हाय."

नागोरावनं स्वतः घास घेतला. तोंडात कोणीतरी स्वेटरची पेटी उघडल्यासारखं झालं. तेवढ्यात त्याची पोरगी प्रियंका रिकामा डबा उलटा करून वाचू लागली, "बाबा, खाली बारीक लिवलं हाय. कडुलिंब, कापूर, गवती चहा. मच्छर पळवन्यासाठी. खान्याच्या वस्तूपासून दूर ठेवा."

रुखमाबाईनं पाण्यातून पाय काढले. आपल्या पिशवीतून, दोन साड्यांच्या मधून, तिनं बेसनाची पुडी काढली. मग तवा.

"तवा कायले आनला तू?" नागोरावनं क्षीण आवाजात विचारलं.

"फोटो काढाले."

भाजी-वरणालाही तोच वास लागला होता, म्हणून सुकं लाकूड गोळा करून तिनं वेगळी चूल मांडली. उरलेल्या कणकेच्या पोळ्या आणि बेसनाचा चून, म्हणजे पिठलं, खाऊन पंचवीस माणसं तृप्त झाली. नागोरावच्या रोडग्यांची टोपली झाकलेली ती झाकलेलीच. खानदानाचा कुत्रासुद्धा हुंगून, शिंकून निघून गेला.

दिवस मावळला आणि धरणावरचे मच्छर जेवायला उठले. चटाचट टाळ्या सुरू झाल्या. टोपलीपाशी मात्र एकही मच्छर नव्हता. ते पहिल्यांदा इंद्रजितच्या लक्षात आलं.

"भाऊजी, रोडगे हायेत काय उरलेले?"

नागोराव लगबगीनं टोपलीकडे धावला. "हायेत ना! किती वाढू?"

"दोन द्या. एक तंबूच्या दारात ठेवतो, एक उशापाशी."

मग रांग लागली. टोपली बघता बघता रिकामी झाली. नागोराव अजून दिग्रसमध्ये छाती काढून सांगतो की, त्याच्या हातचा एकही रोडगा त्या दिवशी उरला नाही. लोक मागून मागून घेऊन गेले. (उरलेली अर्धी गोष्ट सांगायला रुखमाबाई मागं उभी असतेच.)